गावात रेंज धड नाही, तरी घरबसल्या कोर्स पूर्ण कसा करायचा

आधी ठरवा, डिग्री हवीये की स्किल. डिग्री हवी असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच, १९८९ पासून चालू आहे, कितीतरी कोर्सची पुस्तकं मराठीत आहेत. दुसरी कुठली युनिव्हर्सिटी घेणार असाल तर एजंटला एक रुपया द्यायच्या आधी यूजीसीच्या (विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) डेब पोर्टलवर, म्हणजे डिस्टन्स कोर्सना मान्यता देणाऱ्या तिच्या विभागाच्या वेबसाइटवर बघा, नुसतं युनिव्हर्सिटीचं नाव नाही, तोच कोर्स त्याच वर्षासाठी मान्य आहे का ते. आणि डिस्टन्सनं बीई, नर्सिंग, फार्मसी करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी अजिबात लागू नका, त्या डिग्रीला किंमत नाही आणि गेलेली वर्षं कोणी परत देत नाही. अॅडमिशनला डेब आयडी, म्हणजे त्याच पोर्टलवर मिळणारा विद्यार्थ्याचा नंबर लागतो, त्यासाठी आधी एबीसी आयडी, म्हणजे शिक्षणाचे क्रेडिट जमा होणाऱ्या सरकारी ऑनलाइन खात्याचा नंबर, आणि तो आधारवरून निघतो, म्हणून आधारला मोबाइल नंबर लिंक आहे ना ते आत्ताच बघून घ्या.

स्किलसाठी माझ्या मते स्वयम् या सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवरचे एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटीवाल्यांचे कोर्स भारी. शिकणं फुकट, सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी. असाइनमेंटला २५ मार्क, परीक्षेला ७५, आणि पास व्हायला २५ पैकी १० न् ७५ पैकी ३० असं दोन्हीकडं वेगवेगळं लागतं. १२ आठवड्यांच्या कोर्सला सगळ्यात चांगल्या ८ असाइनमेंटचेच मार्क धरतात, म्हणजे सोयाबीन काढणीत दोन-तीन राहिल्या तरी कोर्स सोडून देऊ नका, बरीच पोरं इथंच सोडतात आणि त्याचं खरंच वाईट वाटतं.

रेंजचं काय? तालुक्याला गेलात की आठवड्याचे व्हिडिओ आणि लेक्चरच्या लेखी पीडीएफ डाउनलोड करून आणा. इंग्रजी जड जात असेल तर आधी पीडीएफ वाचा, मग व्हिडिओ बघा, खूप फरक पडतो. अगदी सुरुवातच असेल तर आयआयटी बॉम्बेचं स्पोकन ट्युटोरियल घ्या, लिब्रेऑफिस वगैरे मराठी आवाजात आहे, छोटे छोटे व्हिडिओ, एका बाजूला व्हिडिओ लावायचा, दुसऱ्या बाजूला तेच स्वतः करायचं, नुसतं बघून हात बसत नाही.

एनपीटीईएलची परीक्षा मात्र सेंटरवर जाऊनच द्यावी लागते, त्यामुळे फॉर्म भरतानाच जिथं सकाळच्या एसटीनं वेळेत पोचता येईल तेच शहर टाका, आणि हॉल तिकिटाच्या प्रिंटबरोबर ओळखपत्र ओरिजिनल न्या, झेरॉक्सवर आत सोडत नाहीत.