दिवाळी बँकॉकमध्ये, पाठीवर एक बॅग: नागपूरहून निघणाऱ्यांसाठी

मे महिन्यात 45 अंशांत सीताबर्डी पालथी घालणाऱ्या नागपूरकराला वाटतं, बँकॉकचे 32-33 अंश आपलं काय बिघडवणार? फसगत इथेच होते. आपला उन्हाळा कोरडा. घाम आला की उडून जातो, कूलरच्या ताट्यांवर पाणी पडलं की खोली गार होते. बँकॉकच्या हवेत आधीच इतका दमटपणा असतो की घाम अंगावरच राहतो, आणि जो घाम उडत नाही तो अंग गारही करत नाही. बॅग भरण्यापासून दिवस आखण्यापर्यंत सगळं ह्या एका फरकावर ठरवायचं.

आधी तारखा

थायलंडमध्ये दिवाळीची सार्वजनिक सुट्टी नसते, त्यामुळे दुकानं, बोटी, मेट्रो सगळं सुरू असतं. तिथला दिव्यांचा मोठा सण म्हणजे लोय क्राथोंग, क्राथोंग नावाचा तरंगता दिवा पाण्यात सोडण्याचा. तो थाई पंचांगाच्या बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो. बहुतेक वर्षी हीच आपली त्रिपुरी पौर्णिमा असते, म्हणजे लक्ष्मीपूजनानंतर साधारण पंधरा दिवसांनी. पण अधिकमासामुळे चूक होऊ शकते. 2020 साली लोय क्राथोंग 31 ऑक्टोबरला झाला, तर आपली त्रिपुरी पौर्णिमा नोव्हेंबरच्या अखेरीला होती. म्हणून कालनिर्णयावर विसंबून तिकीट काढू नका. त्या वर्षीची थाई तारीख पाहा. दोन्ही सण गाठायचे तर सतरा-अठरा दिवस लागतात. रजा कमी असेल तर एकच निवडा, मध्ये पळापळ नको.

नागपूर ते बँकॉक

मुंबई, दिल्ली किंवा कोलकाता गाठून पुढे जायचं. कमी खर्चात जाणाऱ्यांनी कोलकात्याचा विचार आधी करावा, कारण तिथून बँकॉकचं उड्डाण जेमतेम अडीच तासांचं आहे. मुंबईहून साडेचार तास लागतात. हावडा मार्गावरच्या गाड्या नागपूरहून साधारण 18 ते 20 तास घेतात. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं. दिवाळीच्या अमावस्येलाच बंगालात कालीपूजा असते आणि पाठोपाठ छठपूजेची गर्दी, त्यामुळे खिडकी उघडेल त्याच सकाळी तिकीट काढा. गाडी आणि विमान वेगवेगळ्या तिकिटांवर असेल तर मध्ये एक रात्र कोलकात्यात ठेवा. गाडी पाच तास उशिरा पोचली म्हणून विमान कंपनी पैसे परत करत नाही.

कागद आणि पैसे

पासपोर्ट परतीनंतरही किमान सहा महिने चालणारा हवा. व्हिसाचे नियम अलीकडे वारंवार बदलले आहेत. तिकिटाआधी आणि निघण्याच्या आठवडाभर आधी, असं दोनदा थाई दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहा. आगमनाचं डिजिटल कार्ड पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं असतं. ते फुकट आहे. पैसे मागणारं पान दिसलं की ते सरकारी नाही, बंद करा. परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग छापून ठेवा. इमिग्रेशनवर जवळचे पैसेही विचारू शकतात, त्यासाठी माणशी 20,000 बाट एवढी सोय दाखवता यावी.

थाई एटीएम परदेशी कार्डावर दर वेळी दोनशेहून अधिक बाट शुल्क कापतं, रक्कम कितीही असो. म्हणून हजार-हजार काढू नका. एकदाच मोठी रक्कम काढा.

ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे. ट्रामाडोल, कोडीनसारखी औषधं घेत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी सोबत हवी; कोडीनसाठी थाई औषध प्रशासनाची आगाऊ परवानगीही लागू शकते.

बॅग: सात किलोत

स्वस्त तिकिटात केबिनचं वजन बहुधा सात किलोच असतं, आणि तेवढं पुरतं. 35-40 लिटरची सॅक घ्या. पातळ, लगेच वाळणारे चार शर्ट किंवा कुर्ते आणि दोन सैल पँट. जीन्स नकोच, तिथे ती दोन दिवस वाळत नाही. मंदिरांसाठी खांदे आणि गुडघे झाकणारा एक जोड हवा. शिवाय एक पातळ स्वेटर ठेवा: तिथल्या मेट्रोचा एसी बोचतो, आणि परतताना पहाटेच्या नागपूर स्टेशनवर थंडी सुरू झालेली असते.

चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळण्याची आपली सवय लू झळांसाठी उत्तम, पण दमट हवेत तोच दुपट्टा भिजून तोंडाशी वाफ कोंडतो. तिथे छोटी छत्री कामाची. मांड्या घासून सोलवटतात, त्यावर पेट्रोलियम जेली आंघोळीनंतरच लावायची. सोलवटल्यावर लावून आराम पडतो, चालता येत नाही. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवल्या नाहीत तर चौथ्या-पाचव्या दिवशी खाज सुरू होते. ओआरएसची मोठी पाकिटं दहा घ्या. एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या लिटरमध्ये घट्ट करून पिऊ नका, मीठ जास्त झालं की उलट त्रास होतो.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, 100 वॉट-अवरपर्यंतची. आपल्या दोन पिनांचा चार्जर तिथे चालतो, तीन गोल पिनांचा बसत नाही.

फराळ

दीड किलो पुरे. चिवडा, शेव, चकली, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. तिथे डबा एकदा उघडला की चिवडा संध्याकाळपर्यंत सादळतो, म्हणून घरूनच 150-150 ग्रॅमच्या घट्ट बंद पिशव्या करा आणि एका वेळी एकच फोडा. खव्याची मिठाई उकाड्यात आंबते, ती घरच्यांसाठी ठेवा. आंबिया बहाराची संत्री कितीही मोह झाला तरी नेऊ नका. ताज्या फळांवर तिथे निर्बंध आहेत. सुक्या खोबऱ्याची अख्खी वाटी ज्वालाग्राही म्हणून विमानतळावर काढून घेतात. फुलझड्या आणि काडेपेटी नेऊ नका हे तर सांगायलाच नको. अभ्यंगाचं तेल 100 मिलीच्या आतल्या बाटलीत.

राहायचं कुठे

खाओ सान रस्त्याचं नाव सगळे घेतात, पण तिथे मेट्रो नाही आणि रात्रभर गोंगाट असतो. साम योत किंवा हुआ लाम्पोंग मेट्रो स्थानकाजवळचं हॉस्टेल घ्या. साम योतपासून फाहुरात, म्हणजे भारतीय कापडबाजार, चालत आहे; गांधीबाग ओळखीची असेल त्याला तिथे परकं वाटणार नाही. तिथल्या मोठ्या गुरुद्वाऱ्यात सकाळी लंगर असतो. हॉस्टेलमध्ये पेटती पणती लावू देत नाहीत, धुराचा अलार्म वाजतो. बॅटरीच्या दोन पणत्या न्या.

दिवस कसा लावायचा

सकाळी आठ ते अकरा बाहेर, बारा ते साडेतीन एसीत, मग पुन्हा बाहेर. राजवाडा (ग्रँड पॅलेस) साडेआठला उघडतो, तेव्हाच पोचा. जाण्यासाठी सथॉर्न धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट घ्या. ती रोज कामाला जाणाऱ्यांची, म्हणून स्वस्त. निळ्या झेंड्याची पर्यटकांची, महाग. राजवाड्याबाहेर कुणी गोड बोलून "आज बंद आहे, दुसरं मंदिर दाखवतो" म्हणालं तर थांबू नका. तो बसवून देईल ती रिक्षा शेवटी रत्नांच्या दुकानात नेते.

लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ

थाई घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य तिथे पावणेसहाच्या सुमारास मावळतो. नागपूरच्या पंचांगातला मुहूर्त तसाच वापरू नका. प्रदोषकाळ तिथल्या सूर्यास्तापासून धरा. चित लोम स्थानकापाशी एरावन देवस्थानात चतुर्मुख ब्रह्मदेव आहे, आणि जवळच्या गेसोर्न इमारतीच्या गच्चीवर लक्ष्मीचं छोटं देवस्थान. गेसोर्नचं देवस्थान मॉलबरोबरच बंद होतं, म्हणून तिथे आधी जा.

शाकाहारी असाल तर

भाजीवर भाजी दिसली तरी खाली माशाचा सॉस असतो. "जे" हा शब्द पाठ करा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. त्यात मांस, मासे, अंडी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. "मांग्साविरात" म्हणालात तर अंडं येऊ शकतं. साध्या गाडीवर "माय साय नाम प्ला" म्हणायचं, म्हणजे माशाचं पाणी घालू नका.

क्राथोंग सोडताना

केळीच्या खांबाची चकती, पानांच्या घड्या, फुलं, उदबत्ती, मेणबत्ती. विकत घेताना उलटं करून पाहा. खाली थर्माकोल असेल तर परत द्या. पावाचं क्राथोंग तळ्यात चालतं, मासे खातात, पण फार झाले की पाणी सडतं. रात्री नदीच्या धक्क्यांवर तुडुंब गर्दी होते आणि तरंगते तराफे डुलतात, म्हणून सहाच्या आत पोचा किंवा उद्यानातलं तळं गाठा. आकाशकंदील उडवायला बँकॉकमध्ये परवानगी नसते. मेणबत्ती पाण्यापाशी वाकण्याआधी पेटवा, उदबत्ती नंतर, आणि क्राथोंग ढकलू नका. दोन्ही हातांनी पाण्याला टेकवून अलगद सोडा, नाहीतर पहिल्याच लाटेला कलंडतं.