शुगरवाल्यांच्या अंगावर काळेनिळे डाग दिसले तर काय करायचं

आमच्या खान्देशात केळीचा घड उतरवताना दंड घासला, कापसाच्या गाडीला मांडी लागली, याचा हिशोब कोण ठेवतं, म्हणून डाग दिसला की "शुगर वाढली असंल" म्हणून मोकळं व्हायचं. पण नुसत्या शुगरने कातडीखाली रक्त साकळत नाही, बहुतेक वेळा कारण दुसरंच निघतं.

आधी डाग उजेडात बघा. माराचा डाग जांभळा, मग हिरवट-पिवळा होत साधारण दोन आठवड्यांत जातो. नडगीवर तपकिरी, गोल, न दुखणारे डाग महिनोन्महिने टिकून असतील तर ते बहुधा शुगरचेच, त्यांना वेगळं औषध लागत नाही. मानेची कातडी काळी, जाड, मखमलीसारखी झाली तर तो मळ नाही, उगाच घासू नका, शुगर तपासा. बारीक लाल टिपके असतील तर काचेचा ग्लास दाबा, तरी रंग गेला नाही तर आत रक्त आलंय.

मग घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून डॉक्टरकडे न्या, मेडिकलवरून आणलेल्या दुखण्याच्या सुद्धा. हार्टसाठी दिलेल्या ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेलने डाग पटकन पडतात, पण त्या मनाने बंद करायच्या नाहीत. आणि गुडघ्यासाठी कुणाकडून आणलेली बिननावाची पुडी असेल तर ती आधी दाखवा, कारण अशा पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्याने गुडघा छान वाटतो, पण शुगर चढते आणि कातडी पातळ होऊन जरा लागलं की काळंनिळं, म्हणजे आपण शुगरला शिव्या घालतोय आणि चोर पुडीत बसलाय! बरेच दिवस घेतली असेल तर एकदम सोडणंही धोक्याचं, डॉक्टर सांगतील तशीच कमी करा.

इन्सुलिनच्या सुईनेही टोचल्या जागी डाग पडतात, म्हणून इन्सुलिनवाल्यांनी पोट चाचपून बघावं. रोज जागा दोन बोटं सरकवा, सुई नवी घ्या, टोचल्यावर चोळू नका, गाठ झाली असेल तिथे टोचू नका.

डॉक्टर सहसा सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी करायला सांगतात, त्यात प्लेटलेट (रक्त थांबवणाऱ्या पेशी) दीड ते साडेचार लाख हव्यात. सोबत लिव्हर, किडनीसाठी क्रिएटिनिन, गरज वाटली तर रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणारी पीटी-आयएनआर.

टिपक्यांसोबत ताप, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, डोक्याला मार, यातलं काही असेल तर उद्यावर ढकलू नका. चैत्रात अनवाणी सप्तशृंगी गडावर देवीला जाऊन आलेल्यांनी तळपाय आरशात बघा, मुंग्या येणाऱ्या पायाला फोड कळतही नाही, आणि बोट काळं पडायला लागलं तर हळद-चुना न लावता त्याच दिवशी दवाखाना गाठा.