आकडा चारवर आला, पुढे?

चिंता मोजायची सात प्रश्नांची एक प्रश्नावली असते, जीएडी-७. गेल्या दोन आठवड्यांत कसं वाटलं ते विचारतात. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, म्हणजे जास्तीत जास्त २१. पहिल्या दिवशी माझे १६ होते. पाच महिन्यांनी ४. मी पेढे वाटायच्या बेतात होते, तेवढ्यात थेरपिस्टने कागद बाजूला सारला आणि विचारलं, "या महिन्यात काय काय टाळलंत?"

यादी निघाली. न उचललेले फोन, मैत्रिणीकडे न जाणं, आणि एक जाडजूड पुस्तक नाकारणं. मी मुद्रितशोधक आहे. छापून आल्यावर चूक दिसेल या धास्तीने मोठी कामं घेणंच सोडलं होतं. धास्ती जिथे भेटायची तिथे मी फिरकतच नव्हते, मग आकडा उतरणारच. त्या सात प्रश्नांत टाळाटाळीबद्दल एकही प्रश्न नाही.

तुमचंही असं काही झालं असेल, तर थेरपीकडून आकडा उतरण्याच्या पुढचं, म्हणजे जगण्याबद्दलचंही मागता येतं. मात्र जीव द्यावासा वाटत असेल, झोप-जेवण सुटलं असेल, तर आधी त्यावरच मदत घ्या, आजच. आणि बरं वाटतंय म्हणून गोळ्या परस्पर बंद करू नका.

थेरपिस्टला पदवी आणि अनुभव विचाराच, पण सोबत हेही विचारा: "माझा त्रास निम्मा होऊन तिथेच अडला, तर आपण काय करू?" उत्तरात फक्त त्रास आणखी कमी करण्याचे उपाय आले, की तुमच्या जगण्याबद्दलही काही आलं, ते ऐका. मला हा प्रश्न विचारायला सहा सेशन लागली, कारण आगाऊपणा वाटेल अशी भीती होती. कुणालाही वाटला नाही.

मग उद्दिष्ट लिहायचं. मी लिहिलं, "छातीत धडधड होऊ नये." थेरपिस्ट म्हणाली, हे तर मेलेल्या माणसाला तुमच्यापेक्षा चांगलं जमेल. ही खरोखरची कसोटी आहे, ऑग्डेन लिंडस्ली या वर्तनशास्त्रज्ञाची: जे मृत माणूसही करू शकतो, ते वर्तन नव्हे. तुमची यादी या चाळणीतून काढा. 'घाबरू नये', 'रडू नये', 'विचार येऊ नयेत' सगळं गळून पडतं. माझ्याकडे एकच ओळ उरली: मन लावून वाचणारी बाई असणं. हे कधी 'पूर्ण' होत नाही. पुस्तक संपतं, ही दिशा उरते.

ही भाषा अ‍ॅक्टची, म्हणजे स्वीकार आणि वचनबद्धता उपचारपद्धतीची. स्टीव्हन हेज यांनी १९८०च्या दशकात तिची मांडणी सुरू केली. विचार खोडून काढत बसायचं नाही, त्याची पकड सैल करायची. एका सेशनमध्ये आम्ही 'चूक' हा शब्द मोठ्याने, भराभर म्हटला. चूक चूक चूक चूक. पहिले काही सेकंद पोटात गोळा, मग जीभ अडखळायला लागली, आणि अर्ध्या मिनिटात तो चिमणीचा आवाज झाला. दोघी हसलो. भीती गेली नाही, पण शब्दाचा दरारा गेला. घरी करून बघा, मात्र एकच शब्द घ्या. अख्खं वाक्य घेतलं की आपण त्याच्याशी वाद घालत बसतो.

रोजच्यासाठी एक सोपी सवय: 'मी हे बिघडवणार' याऐवजी 'मी हे बिघडवणार असा विचार मला येतोय'. सुरुवातीला कृत्रिम वाटतं. वाटू द्या.

बाकीच्या वाटा थोडक्यात. मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांची कथनात्मक पद्धत समस्येला माणसापासून वेगळं काढते. मी माझ्या धास्तीला 'फेरतपासणी' असं नाव दिलं, आणि ती कधी येते, कधी तिचं माझ्यापुढे काही चालत नाही, याची नोंद ठेवली. जेफ्री यंग यांची स्कीमा थेरपी लहानपणी घट्ट झालेल्या विचार-भावनांच्या साच्यांकडे जाते. ती वेळ मागते, आठ-दहा सेशनची घाई असेल तर नको. व्हिक्टर फ्रँकल यांची लोगोथेरपी जगण्यातल्या अर्थाबद्दल विचारते. त्रास नाही पण सगळं पोकळ वाटतं, अशा वेळी मी तिकडे बघेन.

आता आठवड्याचं काम. दिशेला धरून एक कृती निवडा, पंधरा-वीस मिनिटांत होणारी, तारीख-वेळेसकट. भीती सोबत येणार हे आधीच कागदावर लिहून ठेवा. माझी पहिली कृती होती: नाकारलेल्या पुस्तकाच्या संपादकांना मंगळवारी अकरा वाजता फोन. दहा पन्नासला हात गार पडले. अकरा पाचला लावला. पुस्तक तोवर दुसऱ्या कुणाकडे गेलं होतं.

पुढच्या सेशनला मी हिरमुसून गेले, तर थेरपिस्टने वहीत दोन रकाने आखायला लावले: फोन केला का, आणि धडधड किती. दुसरा रकाना भरायचा, पण त्यावरून पहिला ठरवायचा नाही. मी अजून तशीच वही ठेवते. गेल्या महिन्यात दुसऱ्या रकान्यात एकदा ८ आहे, दहापैकी. त्याच दिवशीच्या पहिल्या रकान्यात लिहिलंय: चारशे पानांचं काम घेतलं.