वर्षावनात माकडांमागे जाण्याआधी

माकडांच्या अभ्यासाला पहिल्यांदाच निघालेला प्रत्येक जण विचारतो, बूट कुठले घेऊ? बुटांचं शेवटी बघू, ते दोन दिवसांत मिळतात. परवान्यांना सहा महिने लागतात, कधी जास्तच, म्हणून सुरुवात तिथून करा. ज्या देशात जायचं तिथला संशोधन परवाना, जंगलात शिरण्याचा वेगळा परवाना आणि आपल्या संस्थेच्या नीतिसमितीची मंजुरी, हे तिन्ही कागद हातात आल्याशिवाय तिकीट काढू नका. नमुने परत आणायचे असतील तर त्यांचा विचारही आत्ताच करा. साइट्स, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार; त्याच्या पहिल्या किंवा दुसऱ्या परिशिष्टात जगातली सगळी माकडं, वानरं, लीमर येतात. त्यामुळे केस, रक्त, ऊती यांची एक नळी सीमेपार न्यायची तरी परवाना लागतो. प्राण्याला हात न लावता जमिनीवरून उचललेली विष्ठा मात्र साइट्समधून वगळली आहे. म्हणून ती बिनधास्त बॅगेत टाकायची नाही. आरोग्य खात्याचे आयात नियम आणि जैविक साधनांचा वापर आणि त्याच्या लाभाची वाटणी यांबद्दलचा, 2014 पासून लागू असलेला नागोया करार तिच्या बाबतीतही बघावा लागतो.

मग स्वतःचं शरीर. इथे बहुतेकांची यादी उलटी असते. जंगलापासून आपला बचाव कसा करायचा हे सगळे लिहितात, आपल्यापासून जंगलाचा कसा करायचा हे कुणी लिहीत नाही. युगांडातल्या किबाले जंगलात 2013 मध्ये 56 चिंपांझींच्या एका टोळीतले 5 जण श्वसनाच्या आजाराने गेले. विषाणू निघाला ऱ्हायनोव्हायरस सी, म्हणजे आपल्यात सर्दीपडशावर भागतं त्या कुळातला. कोत दिव्वारच्या ताई जंगलात 1999, 2004 आणि 2006 मध्ये अशाच साथी आल्या आणि मेलेल्या चिंपांझींच्या फुफ्फुसांत माणसांचे विषाणू सापडले. तेव्हा गोवर, पोलिओ, फ्लू या लसी पूर्ण करा आणि क्षयाची तपासणी करून घ्या. रेबीजची लस चावा बसायची वाट न पाहता आधीच घ्यायची. पीतज्वराच्या लसीचा दाखला टोचल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतो, हे विमानतळावर कळून उपयोग नाही. आग्नेय आशियात निघाला असाल तर डॉक्टरांना नोलेसी मलेरियाबद्दल मुद्दाम विचारा. तिथल्या लांब शेपटीच्या आणि डुकरशेपट्या मकाकांकडून डासांमार्फत तो माणसाकडे येतो.

मास्क किती? दिवसाला एक असा हिशेब धरलात तर दुसऱ्या आठवड्यात संपतील. तिथल्या दमटपणात मास्क दोन-तीन तासांत ओला होतो आणि ओला मास्क असून नसल्यासारखा. मी दिवसाला तीन धरते. प्राण्यांपासून राखायचं दहा मीटरचं अंतर ओळखायचा सरावही घरूनच करून जा. दहा मीटर दोरी घ्या, जमिनीवर पसरा, टोकाला पिशवी ठेवा आणि ती किती मोठी दिसते ते डोळ्यांत भरून घ्या. माकडाला अर्थात तुमचा नियम ठाऊक नसतो. ते चालत तुमच्याच दिशेने येतं, तेव्हा मागे सरकायचं काम तुमचं. त्यामुळे उभं राहताना पाठीमागची वाट मोकळी आहे ना, हे बघायची सवय लावा.

निरीक्षणाची पद्धत जंगलात पोचल्यावर ठरवू म्हणणारे तीन महिने वाया घालवून परत येतात. प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक जीन आल्टमन यांनी 1974 मध्ये वर्तन टिपण्याच्या पद्धतींची जी मांडणी केली, तिच्यावरच हे शास्त्र आजही चालतं. एकाच प्राण्यामागे ठरलेला वेळ राहायचं ते फोकल, दर ठरावीक मिनिटांनी सगळ्या टोळीवर नजर फिरवायची ते स्कॅन. कुठली का असेना, आधी दिसतील त्या प्राण्यांवर, कबुतरांवर सुद्धा, चार दिवस करून बघा. वर्तनाच्या प्रत्येक शब्दाची व्याख्या लिहा. ‘खाणं’ फळ तोंडात गेल्यावर सुरू होतं की हात फांदीकडे गेल्यावर? दोघं जण निरीक्षण करणार असतील तर दोघांनी एकाच प्राण्याची नोंद वेगवेगळी करून ताडून बघायची. पहिल्या खेपेला ती जुळत नाही, हे सांगून ठेवते. आणि ‘दिसत नाही’ यासाठी स्वतंत्र खूण हवीच. तीस मीटर उंचीवर, पानांच्या चार थरांआड बसलेल्या मादीची शेपटीच तेवढी लोंबताना दिसते आणि पुढची वीस मिनिटं तीच दिसत राहते. तिथे रकाना कोरा ठेवलात तर सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही की ती आराम करत होती, तुम्हाला दिसत नव्हती की तुम्ही जळू काढत होतात.

दुर्बीण 8×42 घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, 42 मिलिमीटर भिंगाची. 10×42 दुकानात भारी वाटते, पण झाडांच्या छताखालच्या काळोखात 42 ला 8 ने भागून येणारा सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशझोत 10 च्या चार-सव्वाचार मिलिमीटरपेक्षा कामाचा. शिवाय मान वर करून तासभर धरली की दहापटीत हाताची थरथरही दहापट दिसते. पट्टा गळ्यात अडकवायचा नको, खांद्यांवर बसणारा घ्या. वही पाणी न शोषणाऱ्या कागदाची, लिहायला पेन्सिल. सगळ्या उपकरणांची घड्याळं एकाच वेळेला लावा आणि दर वेळी बॅटरी बदलली की पुन्हा तपासा. माझ्या एका कॅमेरा ट्रॅपने, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्याने, बॅटरी बदलताना तारीख 1 जानेवारीवर नेली आणि तीन आठवड्यांचे फोटो कुठल्या दिवसाचे, हे मी पावसाच्या नोंदींवरून जुळवत बसले. चूक माझीच होती.

नमुन्यांच्या नळ्या निघण्याआधीच क्रमांक टाकून तयार ठेवा. मार्करची शाई अल्कोहोल सांडलं की पुसली जाते, म्हणून पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी नळीत टाकायची. विष्ठेतून डीएनए हवा असेल तर आधी एक दिवस अल्कोहोलमध्ये, मग ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलमध्ये, ही दोन टप्प्यांची पद्धत छान चालते. अल्कोहोल विमानात न्यायला बंधनं असतात, ते तिकडेच मिळवा. मेलेला प्राणी दिसला तर हात लावायचा नाही. जागा नोंदवायची, लांबून फोटो घ्यायचा आणि पशुवैद्याला कळवायचं. 1994 मध्ये ताईमध्ये मेलेल्या चिंपांझीचं शवविच्छेदन करणाऱ्या संशोधिकेला इबोला झाला होता. त्या वाचल्या.

आता बूट. रबरी गमबूट, जळवांचे मोजे आणि रात्रीसाठी कपड्यांचा एक कोरडा जोड, जो काही झालं तरी जंगलात घालायचा नाही. बुटांचे तळ जंतुनाशकात बुडवून मगच आत. तंबू ठोकण्याआधी वर बघा, कारण डोक्यावरची वाळकी फांदी वाघ-बिबट्यांपेक्षा जास्त धोक्याची.

वाटाड्यांचं मानधन, विमा, मास्क, लसी हे अंदाजपत्रकात आधी लिहा, तुमच्या ड्रोनच्या आधी. कुणी पडलं तर बाहेर कोण काढणार, किती तासांत, कुठल्या दवाखान्यात, हे एका कागदावर उतरवून त्याची प्रत वाटाड्यांकडेही द्या.

एक प्रश्न मात्र निघण्याआधीच सोडवावा लागतो, आणि त्याला कुठलंही सामान पुरत नाही. प्राण्यांना माणसाची सवय लावायला, म्हणजे आपण जवळ असूनही ते पळू नयेत इथवर यायला, महिने नाही, वर्षं जातात. ही सवय तुमच्यापुरती राहत नाही. बंदूकवाला आला तरी ते तसेच बसून राहतात. ताईमध्ये संशोधन केंद्राच्या आसपास माकडं जास्त टिकली, कारण माणसं तिथे वर्षानुवर्षं रोज फिरत राहिली. तुमचा प्रकल्प दोन वर्षांचा असेल आणि नंतर तिथे कुणी थांबणार नसेल, तर सवय लावू नका. कॅमेरा ट्रॅप, ध्वनिमुद्रक, चिंपांझींच्या घरट्यांची मोजणी यांवर काम बेतून घ्या. त्यातून कमी कळतं, पण कुणाचा जीव जात नाही. याच कारणाने फोनच्या कॅमेऱ्यातली ठिकाणाची नोंद बंद करा, आणि माकडाशेजारी उभं राहून काढलेला फोटो कुणाला दाखवू नका. तो बघून पाळायला पिल्लू मागणारे कमी नाहीत.

थर्मामीटर पिशवीत अगदी वर ठेवा. पोचल्यावर थेट टोळीकडे निघायचं नाही, तळावर नेमून दिलेले दिवस विलगीकरणात काढायचे. त्यानंतरही एखाद्या सकाळी घसा खवखवला, तर वाटाडे निघतील, तुम्ही तळावर थांबून कालच्या नोंदी संगणकात भरायच्या.