जेएनयूत नवीन आहात? कॅम्पसचं राजकारण असं समजून घ्या

महाराष्ट्रातून दिल्लीला जेएनयूत जाणारी पोरं पहिला प्रश्न हाच विचारतात की कुठल्या संघटनेत जायचं, आणि घरचे बजावतात की राजकारणात पडू नकोस. दोघांनाही माझं सांगणं एकच, आधी नीट बघा. आपल्याकडे थेट विद्यार्थी निवडणुका 1994 पासून बंद आहेत, त्यामुळे हा प्रकार आपण कधी पाहिलेलाच नसतो आणि टीव्हीवर जे दिसलं तेवढंच डोक्यात घेऊन तिथे उतरतो.

सुरुवात मेसपासून करा. रात्रीच्या जेवणाला टेबलांवर पर्चे, म्हणजे संघटनांची पत्रकं, पडलेले असतात, बारीक अक्षरात गच्च भरलेले. ते ताटाखाली सारू नका, रूमवर न्या. एकाच विषयावरचे वेगवेगळ्या संघटनांचे चार-पाच पर्चे शेजारी ठेवून वाचले की लगेच कळतं कोण नियम आणि आकडे देऊन बोलतंय आणि कोण नुसतं समोरच्याला झोडपतंय. दुसरं म्हणजे डावे म्हणजे सगळे एकच हा गैरसमज जातो. आयसा, एसएफआय, एआयएसएफ, डीएसएफ या वेगळ्या संघटना आहेत, कधी एकत्र लढतात तर कधी समोरासमोर, 2025 च्या एप्रिलमधल्या विद्यार्थी संघाच्या निवडणुकीत आयसा-डीएसएफ एकीकडे आणि एसएफआय दुसरीकडे होती. त्या वेळी अध्यक्ष आयसाचा झाला आणि जॉइंट सेक्रेटरी अभाविपचा. बाप्सा म्हणजे बिरसा आंबेडकर फुले स्टुडंट्स असोसिएशन, ही 2014 ची, ती डाव्यांनाही प्रश्न विचारते आणि अभाविपलाही, 2024 ला जनरल सेक्रेटरी त्यांची निवडून आली. फुले-आंबेडकर आपल्या मातीतले, त्यामुळे नाव ऐकून ओढा वाटणारच, पण त्यांचाही पर्चा तितक्याच बारकाईने वाचा.

मग जीबीएमला, म्हणजे सगळ्या विद्यार्थ्यांच्या जनरल बॉडी मीटिंगला, बसा. हॉस्टेलांना नद्यांची नावं आहेत, कोयना आणि चंद्रभागापण आहेत, तर आपल्या हॉस्टेलची जीबीएम लागली की शेवटपर्यंत थांबा, रात्री उशीर होतो तरी. मेस बिल, पाणी, रीडिंग रूम असल्या विषयांवर कोण उठून बोलतं, ठराव झाल्यावर वॉर्डनकडे कोण जातं, ते बघा. मला विचाराल तर संघटना ओळखायची खरी जागा हीच, मोर्च्यात सगळेच जोरात असतात. सीनियरांना 2019 च्या फीवाढीबद्दल विचारा, सिंगल रूमचं भाडं महिना 20 रुपयांवरून 600 करायचं ठरलं होतं आणि तेव्हा डाव्यांसोबत अभाविपनेही विरोध केला होता. एका बाजूच्याच सीनियरला विचारून थांबू नका, दोन्हीकडच्यांना विचारा.

निवडणुकीत प्रेसिडेन्शियल डिबेट, म्हणजे अध्यक्षपदाच्या उमेदवारांची जाहीर चर्चा, अजिबात चुकवू नका. डफली, घोषणा, 'जय भीम', 'लाल सलाम', 'वंदे मातरम' सगळं एकाच वेळी चालू असतं, पहिल्यांदा ऐकताना गोंधळायला होतं. भाषण कुणीही पाठ करून येतो हो, उमेदवार एकमेकांना प्रश्न विचारतात तो भाग कान देऊन ऐका, तिथे तयारी उघडी पडते. विद्यार्थी निवडणुकांसाठीच्या लिंगडोह समितीच्या नियमांमुळे खर्चाला 5,000 रुपयांची मर्यादा आहे आणि छापील पोस्टर चालत नाहीत, म्हणून हाताने रंगवलेली पोस्टरं दिसतील. मत कागदी बॅलेटवर, चार मुख्य पदं आणि आपल्या स्कूलचे, म्हणजे आपल्या विद्याशाखेचे, काउन्सिलर (प्रतिनिधी). काउन्सिलरचं मत घाईत देऊ नका प्लीज, वर्षभर अडल्यानडल्याला तोच लागणार असतो.

धरण्यात बसायचं असेल तर आधी प्रॉक्टरचे, म्हणजे शिस्त बघणाऱ्या अधिकाऱ्याचे, नियम वाचा. 2023 च्या मॅन्युअलमध्ये शैक्षणिक इमारतींच्या 100 मीटरच्या आत धरणं धरलं तर 20,000 रुपयांपर्यंत दंड लिहिलेला आहे, आणि गावाकडून येणाऱ्या पोरासाठी ही रक्कम फार मोठी आहे. घाबरून घरी बसा असं मी म्हणत नाहीये, बसायचं तर माहिती घेऊन बसा, कोण सोबत आहे आणि नोटीस आली तर कोण उभं राहणार हे आधीच विचारून घ्या.

पहिल्या महिन्यात सगळ्याच संघटनांचे लोक प्रेमाने भेटतील, फॉर्म भरायला, हॉस्टेल मिळवायला खरोखर मदत करतील. ती मदत मोकळ्या मनाने घ्या, त्यासाठी मेंबर व्हायलाच पाहिजे असं काही नाही, आणि कुणी तशी अट घातली तर सरळ नाही म्हणा. एक सेमिस्टर गेलं की मग ठरवा.