सुपरचार्जरची गाडी मुंबईत रोज चालवताय? मग व्हीव्हीटी अशी सांभाळा

अंधेरी ते लोअर परळ, रोज सकाळ-संध्याकाळ. ट्रिप मीटरवर सरासरी वेग दिसतो ताशी १४ किलोमीटर. माझी सुपरचार्जरवाली जुनी सेडान ८२,००० किलोमीटरला आली आणि तिच्या व्हीव्हीटीतला कॅम फेजर नावाचा भाग गेला. ऑइल मी वेळच्या वेळी बदलत होतो, मॅन्युअलमधले किलोमीटर बघून. मिस्त्रींनी व्हॉल्व्ह कव्हर उघडलं, आतल्या कडेचा तपकिरी थर नखाने खरवडून दाखवला आणि म्हणाले, "दादा, मीटर ८२ दाखवतोय, पण इंजिन याच्या दुप्पट चाललंय." तेव्हापासून जे करतो ते क्रमाने सांगतो.

आधी यंत्रणा समजून घ्या. व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळ चालत्या इंजिनात पुढेमागे करणं हे व्हीव्हीटीचं, म्हणजे व्हेरिएबल व्हॉल्व्ह टायमिंगचं काम. बहुतेक गाड्यांत ते ऑइलच्या दाबावर चालतं. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे कॅमशाफ्टच्या टोकाला फेजर असतो, त्यात पाती असतात. पात्यांच्या एका बाजूला ऑइल सोडलं की कॅम पुढे सरकतो, दुसऱ्या बाजूला सोडलं की मागे. ऑइल कुठे सोडायचं ते ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह, म्हणजे ओसीव्ही, ठरवतो. त्याच्या वाटा इतक्या बारीक असतात की थोडा गाळसुद्धा त्याला अडकवतो. त्यात सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारा पंप, क्रँकच्या बेल्टवर फिरतो, म्हणून कमी आरपीएमलाही हवा दाबतो. सिलिंडरमधला दाब वाढतो, बेअरिंग आणि रिंगांवर भार येतो. अशा इंजिनात कॅमची वेळ चुकली तर नॉकिंगची, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून इंजिन ठोकण्याची भीती जास्त.

आता पहिलं काम: किलोमीटर सोडा, तास मोजा. ऑइल बदललं की एक ट्रिप मीटर शून्यावर आणा. महिन्याने किलोमीटरला सरासरी वेगाने भागा, इंजिन किती तास चाललं ते कळेल. हायवेवर ताशी ४० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर म्हणजे २५० तास. माझ्या ताशी १४ च्या सरासरीने तेच २५० तास ३,५०० किलोमीटरलाच भरतात. मी २५० तासांना ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदलतो. तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा बदलतोच. खर्च वाढतो हे खरं, पण फेजर आणि टायमिंग चेन (क्रँकवरून कॅम फिरवणारी साखळी) यांच्या कामापुढे तो फारच कमी आहे. ऑइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं आणि मान्यतेचंच घ्या. "मुंबईत गरमी आहे, जाडं टाका" हा सल्ला ऐकू नका. फेजर कसा हलणार हे ऑइलच्या पातळपणाच्या हिशेबावर बसवलेलं असतं.

दर रविवारी, गाडी थंड असताना, डिपस्टिक काढा. पुसा, परत घाला, मग बघा. पातळी खाली गेली असेल तर भरा, कारण ऑइल कमी पडलं की दाब पडतो आणि फेजरला ते लगेच जाणवतं. पातळी न भरताच वर चढली असेल आणि वासाला पेट्रोल येत असेल तर छोट्या फेऱ्यांमुळे पेट्रोल ऑइलमध्ये उतरतंय. पावसाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली लोण्यासारखा पांढरट थर दिसला तर तो बहुधा ओलाव्याचा असतो. दोन्हींवर उपाय एकच: आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास गाडी मोकळ्या रस्त्यावर पूर्ण गरम होऊ द्या. मी रविवारी पहाटे अटल सेतूवर जातो. २१.८ किलोमीटर सलग, एकही सिग्नल नाही. त्यानंतरही थर परत येत असेल किंवा कूलंट कमी होत असेल, तर मात्र हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं सील, तपासून घ्या.

सकाळचा पहिला स्टार्ट ऐका. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बॉनेट उघडा, घरच्या कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा आणि मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. पहिले एक-दोन सेकंद खडखड येऊन थांबली तर संशय फेजरला जागेवर धरणाऱ्या लॉक पिनवर किंवा चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरवर. खडखड आयडलवर चालूच राहिली आणि आरपीएम वाढवल्यावर गेली, तर सुपरचार्जरच्या पुढच्या कपलरकडे, म्हणजे पुली आणि आतला भाग जोडणाऱ्या तुकड्याकडे बघा. हा फरक मिस्त्रींना आधीच सांगितला तर उगाच खोलाखोल होत नाही. बऱ्याच सुपरचार्जरमध्ये गिअरचं ऑइल वेगळं, आतच बंद असतं, इंजिन ऑइलबरोबर ते बदलत नाही, हेही विचारून ठेवा.

चेकलाइट लागली तर गाडीतले एरर कोड वाचणारा स्कॅनर लावा. पी ००११ म्हणजे कॅम हवा तिथे येत नाहीये, पी ००१६ म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ बसत नाहीये. लगेच सेन्सर बदलू नका. इंजिन गरम करून लाइव्ह डेटामध्ये कॅमचा मागितलेला कोन आणि प्रत्यक्ष कोन शेजारी ठेवून बघा. प्रत्यक्ष कोन उशिरा पोचत असेल किंवा अडकत असेल तर आधी ऑइलची पातळी आणि ओसीव्ही तपासा. इंजिन थंड झाल्यावर ओसीव्हीचा वायरचा प्लग काढा, बोल्ट सोडा, ओसीव्ही हलके फिरवत बाहेर ओढा. जाळी असेल तर उजेडात धरा, गाळ असेल तर क्लीनरने धुवा, बसवताना नवी ओ-रिंग ऑइल लावून घाला. प्लगमध्ये ऑइल दिसलं तर थांबा, कारण काही इंजिनांत ते वायरिंगमधून पुढे सरकत जातं. तिथे ओसीव्ही बदलणंच बरं. आणि पी ००१६ ओसीव्ही साफ केल्यावरही परत आला, तर चेन ताणली आहे का ते मोजून घ्या. तोवर गाडी रेटू नका. चेन एक-दोन दाते सरकली तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळू शकतात. चेन बदलाल तेव्हा टेन्शनर, गाइड आणि फेजरचे दातेही त्याच वेळी बघून घ्या, कारण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन फार दिवस टिकत नाही.

माझ्या ग्लव्ह बॉक्समध्ये छोटी वही आहे. तारीख, किलोमीटर, सरासरी वेग, तास, डिपस्टिकची पातळी. गेल्या रविवारची नोंद १८७ तासांची आहे.