‘साहेबांना विचारून सांगतो’: कामं सोपवताना कारखानदार कुठे चुकतात

भोसरी, अंबड, शिरोली, वाळूज, कुठल्याही एमआयडीसीतल्या वीस-पंचवीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये तासभर उभं राहा. एक वाक्य हमखास कानावर पडतं: ‘साहेबांना विचारून सांगतो.’ इन्सर्ट (कटिंग टूलच्या टोकाला बसणारी, झिजली की बदलायची पाती) संपले, साहेबांना विचारतो. टेम्पोवाला शंभर रुपये जास्त मागतोय, साहेबांना विचारतो. आणि साहेब बँकेत, नाहीतर पार्टीकडे, म्हणजे ग्राहकाकडे. ऑर्डर आहेत, मशीनही आहेत. पण दुसरी शिफ्ट सुरू होत नाही, कारण रात्री अकरा वाजता उत्तर द्यायला साहेब एकटेच.

मालकाची तक्रार ठरलेली असते: ‘कामं दिली हो, पण कोणी जबाबदारी घेत नाही.’ जवळून पाहिलं तर काम दिलेलं असतं, त्यातला निर्णय मात्र मालकाच्याच खिशात असतो. खालच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

न मोजताच वाटणी करणं

काय सोपवायचं हे आठवून ठरवू नका. आठवतात ती मोठी कामं. दिवस खातात ती बारकी. एक आठवडा खिशात वही ठेवा. तुमच्याकडे आलेला प्रत्येक प्रश्न लिहा: कोणी विचारला, काय विचारलं, किती रुपयांचा मामला होता, आणि उत्तर चुकलं असतं तर नुकसान किती. फोनवरचे प्रश्नही धरा. शनिवारी वही उघडलीत की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आलेले दिसतील. वारंवार येणारे आणि चुकलं तरी चार-पाच हजारांत निभावणारे, ते आधी द्या. नव्या जॉबचा (बनवायच्या भागाचा) रेट, बँकेची मंजुरी आणि माणसं घेणं-काढणं सगळ्यात शेवटी. कंटाळवाणं तेच आधी देऊन टाकायचं, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. त्यात वसुलीसारखं नाजूक काम पहिल्याच महिन्यात नवख्या मुलाच्या गळ्यात पडतं.

‘खरेदी तू बघ’ म्हणणं, पण आकडा न सांगणं

सुपरवायझरला खरेदी दिली, तरी १० इन्सर्टच्या एका डबीसाठी मालकाची सही लागते. डबी समजा तीन हजारांची, मशीनचा दर तासाला ५०० रुपये. सही मिळेपर्यंत दोन मशीन तीन-तीन तास उभी राहिली, की तीन हजार तिथेच गेले. वर ऑपरेटर बसून, ते वेगळंच.

उपाय साधा आहे: मर्यादा रुपयांत लिहून द्या. सुरुवातीला अशी चालते: कटिंग टूल, कुलंट, हातमोजे असल्या वस्तूंना एका बिलाला ५,००० आणि महिन्याला २५,००० रुपये, मशीनच्या दुरुस्तीला १०,०००, कच्चा माल ठरलेल्या तीनच दुकानदारांकडून, मागच्या दरापेक्षा ३ टक्क्यांपर्यंत जास्त असला तरी न विचारता. त्याच्या पुढे फोन. तीन महिने बिलं बघा, गडबड नसेल तर मर्यादा दीडपट करा. कागदावर दोघांच्या सह्या, एक प्रत स्टोअरच्या भिंतीवर. दुकानदारालाही सांगा, नाहीतर तोच मालकाला फोन करून ‘तुमचा माणूस आलाय, देऊ का?’ विचारतो आणि मुसळ केरात.

रोखीसाठी पेटीत ठरावीक रक्कम ठेवा, समजा ८,००० रुपये. शनिवारी व्हाउचरची बेरीज करायची आणि तेवढेच पैसे पेटीत परत घालायचे. पेटीतली रोख आणि व्हाउचर मिळून ८,००० भरलेच पाहिजेत. एकाच माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांहून जास्त रोख दिली तर आयकरात तो खर्च सहसा मान्य होत नाही, वाहतूकदारासाठी ही मर्यादा ३५,००० आहे. पेटी सांभाळणाऱ्याला हे आकडे माहीत हवेत. मार्चमध्ये सीएकडून कळून उपयोग नाही.

डोक्यातलं गणित डोक्यातच ठेवून कोटेशन सोपवणं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. मालक ड्रॉइंग बघतो, दोन मिनिटं गप्प बसतो आणि म्हणतो, ‘एकशे चाळीस लाव.’ सुपरवायझरला हे जमत नाही, मग मालक ठरवतो की कोटेशन दुसऱ्याकडे देताच येत नाही. पण त्या दोन मिनिटांत पाच-सहा पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरी लिहिता येते.

पहिली मालाची. स्टीलच्या गोल बारचं मीटरला वजन म्हणजे मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. ५० मिमीचा बार मीटरला १५.४३ किलो. जॉब १२० मिमी लांब, फेसिंग (टोक सपाट करणं) आणि पार्टिंगला (नग बारपासून कापून वेगळा करणं) ५ मिमी धरले तर १२५ मिमीचं वजन १.९३ किलो. नवखा इथेच थांबतो. ३ मीटरच्या बारमधून कागदावर २४ नग निघतात. पण बार चकमध्ये (मशीनच्या पकडीत) धरून थेट काम करायचं तर शेवटचे ७०-८० मिमी हाती राहतात, म्हणजे नग २३. आता नगामागे २.०१ किलो लागले. उरलेला तुकडा आणि चिप्स भंगाराच्या भावाने वजा करायच्या, खरेदीच्या भावाने नाही.

दुसरी सेटिंगची, म्हणजे मशीन त्या जॉबसाठी जुळवण्याची. सेटिंगला दोन तास, दर ५०० रुपये, म्हणजे हजार रुपये. ५० नगांच्या ऑर्डरला नगामागे २० रुपये पडतात, ५०० नगांना २. ‘मागच्या वेळचाच रेट’ म्हणून छोट्या ऑर्डरला मोठ्या ऑर्डरचा रेट लागतो, तो या एका ओळीच्या अभावी. त्यानंतर सायकल टाइम (एका नगाला मशीनवर लागणारा वेळ), बाहेरचं हीट ट्रीटमेंट किंवा प्लेटिंग, रिजेक्शन, पॅकिंग आणि वाहतूक.

शेवटची पायरी पार्टीची, आणि ती कोणीच लिहीत नाही. एखादी पार्टी ४५ दिवस म्हणते आणि ९० दिवसांनी देते. कॅश क्रेडिटचं (बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं) व्याज वर्षाला १२ टक्के धरलं, तर ते वाढीव ४५ दिवस म्हणजे जवळपास दीड टक्का. मालक हा टक्का मनातल्या मनात लावतो. पार्ट्यांची एक यादी करा, प्रत्येकीपुढे ‘खरं किती दिवसांनी देते’ आणि ‘किती टक्के वाढवायचे’ एवढे दोन रकाने.

हे सगळं एका एक्सेल शीटमध्ये आलं की जुनी १० कोटेशनं काढा, रेट झाका आणि ज्याला काम द्यायचंय त्याला करू द्या. त्याचा आकडा तुमच्या आकड्याच्या ५ टक्क्यांत आला तर परत येणारे जॉब त्याला द्या. जिथे फरक जास्त पडला तिथे शीटमध्ये कुठली ओळ सुटली ते शोधा. पुष्कळदा त्याचा आकडाच बरोबर निघतो आणि मालक वर्षभर घाट्यात माल देत असल्याचं कळतं.

अधिकार देणं, साधन न देणं

‘क्वालिटी तुझी जबाबदारी’ असं म्हणून हातात व्हर्नियर दिला जातो. ड्रॉइंगवर शाफ्टचा व्यास २५ एच७ (लहान लिपीतला h) आहे, म्हणजे २५.००० ते २४.९७९, सगळी सवलत मिळून २१ मायक्रॉन. व्हर्नियरचं लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप, ०.०२ मिमी, म्हणजे २० मायक्रॉन. त्यावर हे माप पास की नापास ठरवणं म्हणजे अंदाजपंचे. मिलिमीटरचा हजारावा भाग वाचणारा मायक्रोमीटर किंवा त्या मापाचा गेज नसेल तर ती जबाबदारी नावापुरतीच.

साधन दिल्यावर पद्धत ठरवा: शिफ्टचा पहिला नग, टूल बदलल्यानंतरचा पहिला नग आणि त्यानंतर दर २५वा नग मोजून जॉब कार्डवर माप लिहायचं. ‘ओके’ लिहिलेलं चालणार नाही, आकडाच हवा. एखादा नग बाहेर गेला तर मागच्या बरोबर नगापासूनचा सगळा माल लाल क्रेटमध्ये, आणि मशीन थांबवायचा हक्क सुपरवायझरचा. हा हक्क मोडायला मालकाचं एक वाक्य पुरतं: ‘आज गाडी जाणारे, चालवून टाक.’ एकदा तसं झालं की पुढच्या वेळी तो मशीन थांबवणार नाही, तुम्हाला फोन लावेल.

सुपरवायझरला ओलांडून ऑपरेटरला काम सांगणं

शॉपवर फेरी मारताना ‘हे सोड, आधी तो जॉब घे’ म्हणायचा मोह आवरा. गार्ड काढून मशीन चालतंय, कोणाला इजा होईल असं दिसतंय, तेवढ्यापुरतं थेट थांबवा. बाकी सगळं सुपरवायझरमार्फत. घरच्या धंद्यात हे जास्त अवघड: मुलगा शिकून आला, त्याला उत्पादन दिलं, पण जुना फोरमन अजून थोरल्या साहेबांनाच फोन करतो. तेव्हा थोरल्यांनी उत्तर न देता ‘धाकट्यांना विचारलंत का?’ एवढंच म्हणायचं. महिनाभर न कंटाळता.

‘ठेव, मी बघतो’

माणूस येतो, म्हणतो, ‘साहेब, त्या पार्टीने माल परत पाठवलाय.’ मालक म्हणतो, ‘ठेव, मी बघतो.’ सोपवलेलं काम तीन शब्दांत परत आलं. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा: नेमकं काय झालं, दोन मार्ग कुठले, तू कुठला घेशील? उत्तर तयार नसेल तर अर्ध्या तासाने पुन्हा ये म्हणा. त्याचा मार्ग तुमच्यापेक्षा वेगळा, पण चालण्याजोगा असेल, तर चालू द्या. मर्यादेत राहून चूक झाली तर तोटा कंपनीचा, पगारातून कापायचा नाही. मर्यादा ओलांडून झाली तर जाब विचारायचा. हा फरक आधीच सांगितलेला असला पाहिजे.

पासवर्ड आणि कोऱ्या चेकवर सह्या

वरच्या सगळ्या चुकांनी वेळ जातो, या चुकीने कंपनी जाऊ शकते. गंमत म्हणजे तीन हजारांच्या डबीला सही मागणारे मालकच बाहेरगावी जाताना अकाउंटंटकडे सह्या केलेले कोरे चेक ठेवतात, वर डिजिटल सहीचा टोकनही त्याच्याच ड्रॉवरमध्ये.

बँकेकडून चालू खात्याला दोन वेगळे अधिकार मागून घ्या: पेमेंट भरणारा एक, मंजूर करणारा दुसरा. अकाउंटंटने दुपारी चारपर्यंत यादी भरायची, तुम्ही मोबाइलवर दहा मिनिटांत मंजूर करायची. नवीन खातं जोडण्याची मंजुरी कायम तुमच्याकडे. ५०,००० रुपयांहून जास्त किमतीचा माल राज्याबाहेर जाताना ई-वे बिल (मालासोबतचं जीएसटीचं ऑनलाइन कागदपत्र) लागतं. त्या पोर्टलवर डिस्पॅचवाल्याच्या मोबाइल नंबरावर वेगळा सब-युजर काढता येतो. तो काढला नाही म्हणून गाडी गेटवर उभी आणि मालक मीटिंगमध्ये, हे रोजचं दृश्य. टॅलीतही प्रत्येकाला स्वतःचं लॉगिन द्या आणि मागच्या तारखेच्या नोंदी बंद करा. बिल करणारा, पैसे जमा करून घेणारा आणि बँकेशी ताळा जमवणारा, तिन्ही एकच नको. माणसं कमी असतील तर निदान ताळा बाहेरच्या माणसाकडून महिन्यातून एकदा. पैसे हाताळणाऱ्याला वर्षातून सलग आठ दिवस सक्तीची रजा द्या आणि त्या काळात दुसऱ्याला बसवा. लपवलेलं काही असेल तर बहुधा तेव्हाच वर येतं.

वसुली सोपवताना माणसाला कायदा सांगा. तुमचा उद्योग उद्यम (सरकारची लघुउद्योग नोंदणी) नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर लेखी करार असला तरी खरेदीदाराने ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत, करार नसेल तर १५ दिवसांत. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून, मुदतीत न दिलेल्या रकमेची वजावट खरेदीदाराला पैसे देईपर्यंत आयकरात मिळत नाही. बिलावर उद्यम क्रमांक छापा. फेब्रुवारी-मार्चमध्ये वसुलीवाल्याच्या फोनला त्यामुळे वजन येतं.

दिलं आणि विसरलं

तासातासाला विचारणं जितकं वाईट, तितकंच तीन महिन्यांनी एकदम हिशेब मागणं. सकाळी १५ मिनिटं उभ्याने, सोमवारी पाऊण तास बसून. पाच आकडे पुरेत: ठरलेला आणि गेलेला माल, रिजेक्शन, उभ्या मशीनचे तास, ४५ दिवसांवरची येणी, बँकेतली शिल्लक. आकडे ज्याचं काम त्याने आणायचे, तुम्ही काढायचे नाहीत. घडी बसली का हे बघायला आधी एक दिवस फोन बंद ठेवून बाहेर जा, महिन्याने तीन दिवस, मग आठवडा. परतल्यावर काय अडलं त्याची यादी घ्या आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीला नवी मर्यादा किंवा नवा माणूस ठरवा.

पगाराचं राहिलंच. खरेदी, क्वालिटी आणि डिस्पॅच एकाच्या डोक्यावर आणि वाढ ‘दिवाळीला बघू’ असं केलंत, तर पलीकडच्या गल्लीतला कारखानदार तोच माणूस दोन हजार जास्त देऊन नेतो. शिकवलेला तुम्ही, वापरणार तो. वाढ जबाबदारीच्या पत्रातच लिहा, त्याच तारखेपासून, आणि त्याच्या हाताखाली खरेदी व डिस्पॅच शिकणारा एक दुसरा माणूस पहिल्या महिन्यापासूनच ठेवा.